बसभाड्याचे लेखाशीर्ष : सोलापुरातील पीडित-सहाय्य सेवेविषयी अभिप्राय

एकतीस वर्षे लेखा विभागात काढलेल्या माणसाला एक खोड कायमची लागते. कोणतेही सरकारी काम समोर आले की ते चांगले की वाईट हे ठरवण्याआधी तो विचारतो, याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यावर टाकतात. गुन्ह्यातील पीडितांना शासन ज्या सेवा देते त्यांचा अनुभव मला निवृत्तीनंतर पाच महिने आला. मी अर्जदार नव्हतो, अर्जदाराच्या सोबतीला होतो. आणि हा अभिप्राय त्या जुन्या खोडीसकट लिहिलेला आहे.

आमच्या ओळखीतल्या एक बाई विडी वळतात. घरची भाषा तेलुगू आणि बाजारहाटापुरती मराठी, अशा हजारो बाया सोलापुरात आहेत, त्यामुळे एवढे सांगितल्याने कोणाची ओळख पटत नाही. त्यांच्या घरातल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत गुन्हा घडला. याहून अधिक तपशील मी देणार नाही, कारण अशा गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. ज्या कार्यालयांबद्दल तक्रार आहे त्यांचीही नावे लिहिणार नाही. टेबलावरची माणसे बदलतात, कामाची रीत मात्र राहते, आणि मला त्या रीतीविषयी बोलायचे आहे.

प्रथम या सेवेचा आराखडा सांगतो, कारण तो ठाऊक नसल्यामुळे आमचे पहिले दोन महिने गेले. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ च्या अखेरीस कलम ३५७-अ लागू झाले आणि पीडितांना नुकसानभरपाई देण्यासाठी निधीची योजना प्रत्येक राज्य सरकारने केंद्राशी समन्वय साधून तयार करावी, असे बंधन आले. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर हीच तरतूद कलम ३९६ मध्ये आली आहे. न्यायालयाने शिफारस केली की किती रक्कम द्यायची हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे विनामूल्य कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा ठरवते. पीडिताने स्वतः अर्ज केला तर प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करावी असे कायदा सांगतो. आरोपी सापडला नाही, किंवा सुटला, तरी ही वाट बंद होत नाही. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण ‘आधी शिक्षा होऊ दे, मग पैसे’ असा समज आमच्या गल्लीतच नव्हे, तर एका कार्यालयातल्या लिपिकाचाही होता.

महाराष्ट्राने याच्या जोडीला २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना सुरू केली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी असलेली ही योजना महिला व बालविकास विभागाची आहे. सुरुवातीला तिची कमाल मर्यादा ३ लाख रुपये होती, ती २०१७ च्या सुधारणेत १० लाखांपर्यंत गेली आणि मंजुरीचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडून विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. त्याच्या वर २०१८ ची राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना आहे. निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू करण्यास सांगितले आणि बालकांसाठी स्वतंत्र नियम होईपर्यंत तीच मार्गदर्शक मानावी, असेही म्हटले. त्या योजनेत बलात्काराच्या प्रकरणी किमान ४ व कमाल ७ लाख अशी रक्कम ठरवून दिलेली आहे. म्हणजे रकमेच्या बाजूने विचार केला तर तक्रारीला फारशी जागा नाही. २०१३ च्या आधी ज्यांच्यावर असा प्रसंग आला त्यांच्यासाठी यांपैकी जवळजवळ काहीच नव्हते, हे मी विसरत नाही.

आता अनुभवाकडे वळतो.

११२ वर फोन लागला आणि गाडी आली. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही, आणि आपत्कालीन सेवेबद्दल सांगण्यासारखे काही नसणे हेच तिचे यश समजावे. पोलीस ठाण्यातील पहिली रात्रही अपेक्षेपेक्षा बरी गेली. आधी थोडा वेळ ‘हद्द कोणाची’ हा प्रश्न चालला. सोलापुरात शहर पोलीस आयुक्तालय वेगळे आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक वेगळे, आणि शहराला लागून वाढलेल्या वस्त्यांत राहणारी माणसे कामाला शहरात, झोपायला ग्रामीणमध्ये, अशी स्थिती असल्याने हा प्रश्न इथे नेहमीच निघतो. विडी कामगारांचीच एक मोठी वसाहत आता दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीच्या माळावर उभी राहिली आहे. परंतु नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. ड्यूटीवरच्या महिला अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते. त्या मुलीशी गणवेशात बोलल्या नाहीत, जबाबासाठी घरी आल्या, आणि आल्यावर आधी पाणी मागून प्यायल्या. हे शेवटचे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही, पण पाणी मागितल्यावर घरातल्या बायांचा ताण कसा सैल झाला ते मी उंबऱ्यापाशी उभा राहून पाहिले.

वैद्यकीय भागाविषयी माझ्याकडे दोनच ओळी आहेत. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा पीडितेवर विनामूल्य उपचार केले पाहिजेत (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७), आणि नाकारले तर तो गुन्हा आहे. हे ज्यांना ठाऊक नसते ते अनामत रक्कम भरून मोकळे होतात. आम्ही सिव्हिलमध्ये गेलो, म्हणून हा प्रसंग आमच्यावर आला नाही.

खरी कसोटी पुढे लागली, कारण पहिल्या आठवड्यानंतर ही सेवा एका छताखाली राहत नाही. खरे म्हणजे ती एका छताखाली असावी म्हणूनच केंद्राने १ एप्रिल २०१५ पासून वन स्टॉप सेंटर, म्हणजे ‘सखी’ केंद्राची योजना आणली. वैद्यकीय मदत, पोलीस मदत, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा हे सर्व एका ठिकाणी, आणि खर्च पूर्णपणे केंद्राचा, महिलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या निर्भया निधीतून. कल्पना उत्तम आहे. परंतु बालकल्याण समिती, विधी सेवा, विशेष न्यायालय आणि बँक ही चार दारे तरी त्या छताबाहेर राहतात, आणि मुलगी अल्पवयीन असली की आईला या प्रत्येक दाराशी जावेच लागते. पाच महिन्यांत आम्ही चौदा फेऱ्या केल्या. त्यांतल्या सहा अशा होत्या की ज्या झाल्या नसत्या तरी कोणाचे काही अडले नसते : एकदा साहेब बैठकीला गेलेले, एकदा एफआयआरची प्रत पुन्हा हवी, एकदा ती प्रत आहे पण ‘साक्षांकित नाही’, आणि तीन वेळा नुसतेच ‘पुढच्या आठवड्यात या’.

खोड म्हणून मी एक वही ठेवली होती. त्यात तारीख, ठिकाण, रिक्षाभाडे, झेरॉक्स, चहा आणि ‘बुडालेली मजुरी’ असे रकाने होते. शेवटचा रकाना भरताना मला प्रथम कळले की विडी कामगाराची मजुरी दिवसावर बुडत नाही, ती हजार विड्यांवर बुडते. पाने आणि तंबाखू आदल्या दिवशी घरी आलेली असतात. पाने भिजवून, कातरून ठेवलेली असतात. बाई दुपारभर कुठल्या तरी बाकावर बसल्या तर वळून द्यायचा हजाराचा हिशेब पुरा होत नाही, आणि भिजवलेले पान दुसऱ्या दिवसापर्यंत सुकून चुरा होते. म्हणजे बुडते ती मजुरी अधिक पान. दोन वेळा त्या सूप मांडीवर घेऊन पहाटे तीनला वळायला बसल्या आणि अकराच्या सुमारास माझ्याबरोबर निघाल्या. बोटांवरचा तंबाखूचा पिवळेपणा अर्जावर अंगठ्याशेजारी उमटला. त्या सही करतात, पण त्या दिवशी कोणीतरी गृहीत धरून शाईचे पॅड पुढे सरकवले, आणि त्यांनीही वाद घातला नाही. महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, त्याचा तालुक्याच्या गावांहून येणाऱ्यांना उपयोग होतो. शहरातल्या शहरात फिरायला मात्र शेअर रिक्षाच, आणि रिक्षात सवलत नसते.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. भरपाईच्या रकमेला लेखाशीर्ष आहे. वकिलाच्या मानधनाला आहे, सखी केंद्राच्या भाड्याला, समुपदेशकाच्या मानधनाला, संगणकाला आणि खुर्च्यांना आहे. पीडिताच्या पदरचा जो खर्च रोज होतो, म्हणजे जाण्यायेण्याचा, बुडालेल्या मजुरीचा आणि न समजणाऱ्या भाषेचा, त्याला लेखाशीर्ष सापडत नाही, किंवा असले तरी ते कोणी दाखवत नाही.

‘असले तरी’ हे मी विचार करून लिहितो. साक्ष देण्यासाठी न्यायालयात आलेल्या माणसाचा वाजवी खर्च शासनाकडून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या संहितेत ते कलम ३१२ होते, आता ३५० आहे. कोर्टात त्याला साक्षीदाराचा भत्ता म्हणतात. पण तो साक्षीच्या दिवसाचा. आमच्या चौदा फेऱ्यांपैकी साक्षीची एकही नव्हती. दुसरी तरतूद त्याहून चांगली आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांतील आठव्या नियमात ‘विशेष साहाय्य’ आहे. अन्न, कपडे, प्रवास आणि इतर निकडीच्या गरजांसाठी तत्काळ रक्कम देण्याची शिफारस बालकल्याण समिती करू शकते, आणि शिफारस पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत पैसे द्यायचे असतात. प्रवास हा शब्द नियमात छापलेला आहे! ज्या कोणी हा मसुदा लिहिला, त्याने कधीतरी एखाद्या आईबरोबर रिक्षाने प्रवास केला असला पाहिजे. परंतु आम्हाला हा नियम चौथ्या महिन्यात समजला, तोही कोणी सांगितला म्हणून नव्हे. विधी सेवेच्या बाकावर बसून वेळ जाईना म्हणून मी नियमांची पुस्तिका चाळत होतो. नंतर अर्ज केला, शिफारस झाली, पैसे आठवड्याऐवजी साडेतीन आठवड्यांनी आले. बाईंनी त्यातून पहिल्यांदा शेजारच्या रिक्षावाल्याचे उधार फेडले. सज्ञान बाईच्या बाबतीत अशी प्रवासाची स्वतंत्र तरतूद मला शोधूनही सापडली नाही. तिने भरपाईच्या रकमेची वाट पाहायची, आणि तोवर उसने घ्यायचे.

भाषेचा प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण तो खास सोलापूरचा आहे. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू यांतली निदान दोन भाषा येत नाहीत असा भाजीवाला सापडणार नाही, आणि तरी सरकारी कागद एकाच भाषेत लिहिला जातो. बाईंचे म्हणणे एका कार्यालयात मराठीत लिहून घेतले. लिहिणाऱ्याने ते वाचून दाखवले. बाई मान हलवत होत्या. मला शंका आली म्हणून मी विचारले, “सगळं बरोबर लिहिलंय का?” त्या म्हणाल्या, “व्हय काका.” मग बाहेर आल्यावर जिन्यात त्यांनी विचारले, “काका, ‘नमूद’ म्हणजे काय?” त्या दीड पानात ‘नमूद’ हा शब्द अकरा वेळा होता, मी नंतर मोजला. ‘सदर’, ‘सबब’ आणि ‘तदनंतर’ वेगळेच. शासकीय मराठी ही मलाही नोकरीला लागल्यावर वर्षभराने समजू लागली होती. आणि हे तर त्यांच्या मुलीवर ओढवलेल्या प्रसंगाचे वर्णन होते, ज्यावर पुढे उलटतपासणी होणार आहे.

याच्या उलट प्रसंग दीड महिन्याने घडला. समुपदेशनासाठी दुसऱ्या ठिकाणी गेलो असता तिथल्या तरुण समुपदेशक मुलीने चार वाक्ये मराठीत बोलल्यावर बाईंचा चेहरा पाहिला आणि सरळ तेलुगूत सुरुवात केली. ती शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातच वाढलेली होती. त्याआधी बाई प्रत्येक खुर्चीवर कडेला, उठायच्या तयारीत बसत. त्या क्षणी त्या खुर्चीत मागे टेकल्या. पुढचा पाऊण तास त्या बोलत होत्या आणि मी बाहेर येऊन बसलो, कारण त्यांना आता माझी गरज नव्हती. पाच महिन्यांतली ही एकमेव भेट आहे जिला मी विनाआक्षेप पूर्ण गुण देईन.

मात्र लेखापरीक्षकाच्या नजरेने पाहिले तर ही भेट योगायोग होती. ती मुलगी तेलुगू येते म्हणून नेमलेली नव्हती. पॉक्सोच्या नियमांत दुभाष्यांची आणि भाषांतरकारांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवावी आणि त्यांचे मानधन द्यावे अशी तरतूद आहेच. सोलापूरसारख्या जिल्ह्यात ही यादी भिंतीवर लावण्याची वस्तू आहे, कपाटात ठेवण्याची नव्हे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड, हे कोणत्याही नव्याने आलेल्या तलाठ्यालाही दुसऱ्या दिवशी कळते. तेवढेच नियोजन करणाऱ्यांना कळले तर दोन भाषांचे चार-चार दुभाषे पॅनेलवर घ्यायला वर्षाला किती खर्च येईल? एका सरकारी गाडीच्या डिझेलपेक्षा तो जास्त नसावा, असे मी तीस वर्षांची बिले तपासून म्हणतो.

गाडीवरून आठवले. जिल्ह्याचे नियोजन पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत होते, आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी त्या निधीतून काय मागितले जाते ते वर्तमानपत्रात छापून येते : वाहने, सीसीटीव्ही कॅमेरे, इमारती. या वस्तू निरुपयोगी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही; ११२ ची गाडी वेळेवर आली ती कोणीतरी खरेदी केली होती म्हणूनच. परंतु गाडीला हिरवा झेंडा दाखवता येतो, दुभाष्याला दाखवता येत नाही, आणि मागण्यांच्या यादीत याचा परिणाम दिसतो. जिल्हा वार्षिक योजनेतील ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचे धोरण राज्याने स्वीकारलेले आहे. प्रवासभत्ता, दुभाषे आणि सोबत करणाऱ्या कार्यकर्त्यांचे मानधन या तीन बाबी त्या टक्क्यांत बसवण्यास तांत्रिक अडचण असेल असे मला वाटत नाही. प्रस्ताव कोणी पाठवायचा, एवढाच प्रश्न आहे.

‘सोबत’ हा शब्द वापरला, कारण त्याविषयी बाहेर काय चालते हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये गुन्ह्यातील पीडितांसाठी संघराज्याचा कायदा झाला. त्याच्या निधीत करदात्यांचा पैसा जात नाही. संघीय न्यायालयांत दोषी ठरलेल्यांकडून वसूल झालेले दंड जातात. त्यातून राज्यांना दोन प्रकारचे अनुदान मिळते, एक भरपाईसाठी आणि दुसरे सेवांसाठी. सेवांचे अनुदान राज्याची नेमलेली यंत्रणा स्थानिक संस्थांना वाटते, आणि पीडिताबरोबर रुग्णालयात, पोलिसांत, न्यायालयात जाणारा पगारी माणूस हा त्या खर्चाचा मान्य भाग असतो. घरगुती हिंसा, लैंगिक हिंसा, बालकांवरील अत्याचार आणि ज्यांच्यापर्यंत सेवा पोहोचत नाही असे पीडित, या चारांवर प्रत्येकी किमान १० टक्के खर्च व्हावा असेही बंधन आहे. या रचनेचा दोषही उघड आहे : दंड वसूल झाले नाहीत की निधी आटतो. तसा तो आटू लागला म्हणून २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून, खटला न चालवता झालेल्या तडजोडींची रक्कमही या निधीकडे वळवावी लागली. त्या मानाने आपला अर्थसंकल्पी निधी स्थिर म्हणायचा, पण त्याचे दुखणे वेगळे आहे. तो मार्चमध्ये मंजूर होतो, टप्प्याटप्प्याने बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर उतरतो आणि कमी पडला की पुरवणी मागण्यांची वाट पाहतो. गुन्हा आर्थिक वर्ष पाहून घडत नाही. आमच्या प्रकरणात अंतरिम रकमेचा आदेश झाला, आणि एका टेबलावर मला ऐकायला मिळाले, “काका, तरतूद संपली, ग्रँट आली की लगेच काढू.” हे वाक्य मी स्वतः नोकरीत शेकड्यांनी माणसांना सांगितले आहे. ते दुसऱ्या बाजूने कसे ऐकू येते हे मला प्रथमच कळले. पॉक्सोच्या नवव्या नियमात आदेशानंतर ३० दिवसांत रक्कम देण्याची मुदत आहे. आमचे दिवस मी वहीत मोजले आणि बासष्टव्या दिवशी मोजणे थांबवले, कारण त्या दिवशी रक्कम जमा झाली.

केंद्रानेही या कामाला एकदा हातभार लावलेला आहे. निर्भया निधीतून २०१६-१७ मध्ये सर्व राज्यांच्या पीडित भरपाई निधीला मिळून २०० कोटी रुपये एकरकमी दिले गेले. पण एकरकमी अनुदान म्हणजे विहिरीत टँकर ओतण्यासारखे असते. झरा असेल तर उपयोग.

पैसे हातात कसे येतात, याविषयी मतभेद ऐकू येतात, म्हणून माझे मत सांगतो. मनोधैर्यच्या २०१७ च्या रचनेत ७५ टक्के रक्कम दहा वर्षांच्या मुदतठेवीत आणि २५ टक्के धनादेशाने, अशी वाटणी आली. राष्ट्रीय योजनेत सज्ञान व्यक्तीसाठी ७५ टक्के किमान तीन वर्षे आणि अल्पवयीन असल्यास ८० टक्के ती सज्ञान होईपर्यंत ठेवीत राहतात, व्याज दरमहा बचत खात्यात येते, आणि शिक्षण किंवा उपचारासाठी ठेव मोडण्याची सोय असते. अनेकांना वाटते की हे शासनाचे अविश्वास दाखवणे आहे. मला तसे वाटत नाही. रक्कम मंजूर झाल्याची बातमी कशी फुटली कोण जाणे, पण त्या आठवड्यात दोन दूरचे नातेवाईक विचारपूस करायला आले, त्यांतला एक चार वर्षांनी, आणि जाताना रिक्षाचे परमिट घ्यायचे आहे असे बोलून गेला. बाईंनी त्याला मराठीत सांगितले, “पैसा सरकारने बँकेत कुलूप लावून ठेवलाय.” त्या घरात नातेवाइकांशी मराठीत बोलत नाहीत. मुद्दाम बोलल्या.

विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. विधी सेवांच्या १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार महिला आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो देण्याची गरज नाही, एवढे लक्षात ठेवावे. आमच्या पॅनेल वकील बाई नवख्या होत्या, पण फोन उचलत. सरकारी वकील राज्याची बाजू मांडतात, पीडितेची नव्हे, हा फरक त्यांनी पहिल्याच भेटीत एका ओळीत समजावला, आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी न चुकता निरोप दिला. आधार देणारी व्यक्ती, म्हणजे नियमांच्या भाषेत ‘सपोर्ट पर्सन’, आम्हाला तिसऱ्या महिन्यात मिळाली. ती पहिल्या आठवड्यात मिळाली असती तर माझी वही निम्मी कोरी राहिली असती.

जे लोक करमाळा किंवा माळशिरस तालुक्यातून येतात, त्यांच्याबद्दल मी अंदाजानेच बोलू शकतो. सोलापूर तिथून शंभर किलोमीटरहून दूर आहे. विधी सेवेच्या बाकावर मला एक म्हातारे गृहस्थ भेटले, धोतराच्या सोग्यात कागद बांधून आलेले. ते सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले होते आणि त्यांनाही ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगण्यात आले. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते. तिथे आधी चौकशी करून, आणि जिल्ह्याला निघण्यापूर्वी विधी सेवेच्या १५१०० या क्रमांकावर फोन करून जावे, एवढा सल्ला मी त्यांना दिला. ते म्हणाले, फोन मुलाकडे असतो.

जाणाऱ्यांनी सोबत काय न्यावे, तेही लिहून ठेवतो. एफआयआरच्या पाच प्रती, दोन्ही आधार कार्डे, मुलीचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, वैद्यकीय तपासणीच्या कागदाची पोच, मुलीच्या नावाचे आणि आईच्या नावाचे असे दोन पासबुक. विशेष साहाय्याचा अर्ज पहिल्याच भेटीत द्यावा, आणि प्रत्येक अर्जाच्या स्वतःजवळच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. तपासात काय प्रगती झाली हे नव्वद दिवसांच्या आत पोलिसांनी फिर्यादीस किंवा पीडितास कळवायचे असते, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३. आम्ही लेखी विचारल्यावर उत्तर आले, आणि सभ्य भाषेत आले.

सध्याची स्थिती अशी आहे. दोषारोपपत्र दाखल झाले आहे, अंतरिम रक्कम जमा झाली आहे, साक्षीची तारीख लागायची आहे. मुदतठेवीची पावती हातात आली तेव्हा बाईंनी ती मला वाचायला दिली. बँकेने मुलीचे आडनाव मराठी वळणाने लिहिले आहे आणि आधारवर ते तेलुगू वळणाने आहे. एका अक्षराचा फरक. दुरुस्तीसाठी आईने समक्ष यावे, कामकाजाच्या दिवशी, दुपारी दोनच्या आत, असे काउंटरवर सांगण्यात आले. पंधरावी फेरी सोमवारी आहे. पाने रविवारी भिजवायची नाहीत, असे बाईंनी आधीच ठरवून टाकले आहे.